घरगुती टिपा फुकट का लिहायच्या?



आज जरा स्पष्ट बोलणार आहे. पटलं नाही तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचा.

वर्तमानपत्राची पुरवणी असो, मासिक असो, मसाले विकणाऱ्या एखाद्या कंपनीचं पान असो, नाहीतर एखादं नवं पोर्टल असो. बायकांकडे लेखन मागताना एक वाक्य हमखास येतं. "ताई, फार मोठं काही नको. दहा-बारा घरगुती टिपा द्या. तुम्हाला काय, तोंडपाठच असतील!" त्या बोलण्यात पैशांचा विषय नसतो. आपण काढला तर उत्तर येतं, "नाव छापू ना, फोटोसकट!" फारच धीर केला तर, "मानधनाचं बघू." ते बघायला पुढे कुणाला सवड होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरगुती टिपा लिहिणं हे काम आहे, आणि कामाचे पैसे मागितले पाहिजेत. ज्यांचं घर त्या पैशांवर चालतं त्यांनी तर मागावेतच. पण ज्यांना पैशांची गरज नाही त्यांनी आधी मागावेत. हे शेवटचं वाक्य वाचून काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. त्याच आठीवर मला बोलायचं आहे.

टीप म्हणजे नुसती ओळ नव्हे

"हळदीचा डाग पडला तर कापड धुऊन उन्हात वाळत घालावं." झाली एक टीप. लिहायला अर्धा मिनिट, वाचायला पाच सेकंद. पण ती खरोखर उपयोगी पडायची असेल तर लिहिणारीला आणखी किती माहीत असावं लागतं ते बघा. हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो. नवी सून घाबरते, आणखी साबण लावते, आणखी घासते. साबण-सोड्यातल्या क्षारामुळे हळद लाल दिसते आणि नीट खळबळली की पुन्हा पिवळी होते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. हळदीचा रंग उन्हाने विटतो म्हणून ऊन हवं. पण तेच ऊन रंगीत रेशमी साडीला दाखवलं तर हळदीबरोबर साडीचाही रंग जातो. म्हणजे ही टीप पांढऱ्या सुती कापडाची आहे, सगळ्या कापडांची नव्हे. कारण, प्रमाण आणि अपवाद या तीन गोष्टी माहीत असल्या तरच ती एक ओळ खरी होते.

लिंबाचंही तसंच. लिंबाची फोड आणि मीठ घेऊन तांब्या-पितळेची भांडी घासली की लख्ख होतात, कारण आंबटामुळे वरचा काळा थर सुटतो. म्हणून कुणी लिहितं, "लिंबाने घरातलं सगळं चकचकीत करा." त्या टिपेवर विश्वास ठेवून एखादीने संगमरवरी ओटा किंवा शहाबादी फरशी लिंबाने पुसली तर दगडाची चकाकी जाते आणि पांढरट चट्टे कायमचे राहतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारं "जादूचं मिश्रण" तर तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आलंच असेल. फेस दिसतो छान, पण आंबट आणि क्षार एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास खारट पाणी. सोड्याने घासायचं तर सोड्यानेच घासावं, व्हिनेगरने पुसायचं तर व्हिनेगरनेच पुसावं.

इथवरचा तोटा ओट्याचा नाहीतर वेळेचा. पण ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्ल "एकत्र घातलं की डाग लवकर जातात" असं कुणी लिहिलं तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो श्वासावाटे आत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. टीप लिहिणारीच्या हातात परक्या घरातल्या बाईचे डोळे, हात आणि फुफ्फुसं असतात. हे "तोंडपाठ" काम नव्हे.

मग आजकाल इतक्या चुकीच्या टिपा का फिरतात? कारण उघड आहे. ज्या कामाला कुणी पैसे देत नाही त्या कामाला कुणी वेळही देत नाही. संपादकाला उद्या पान भरायचं असतं, लिहिणारीला मोबदला मिळणार नसतो, म्हणून ती इकडच्या चार आणि तिकडच्या सहा टिपा उचलते. त्या चारही कुणीतरी अशाच उचललेल्या असतात. एकीनेही करून बघितलेलं नसतं. फुकट टीप ही अशी उष्टी टीप असते.

आपल्या स्वयंपाकघराची गोष्ट

आपल्या घरांत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यातला पहिला पापोपदेश. म्हणजे दुसऱ्याला हिंसेचा मार्ग शिकवणं. आपण स्वतः एक झुरळ मारणार नाही. पण शेकडो घरांना झुरळं मारायची युक्ती आपल्या नावाने छापून पाठवली तर तिचा हिशोब कुणाच्या खात्यावर?

पावसाळा तोंडावर आला की संपादकांना "किडे मारण्याचे जालीम उपाय" हवे असतात. आपल्याकडचं ज्ञान नेमकं उलट्या टोकाचं आहे. कीड होऊच नये असं वागायचं. धान्याला एप्रिल-मेमध्ये कडक ऊन द्यायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. गरम भरलं तर झाकणाला आतून घाम येतो आणि त्याच ओलाव्यावर कीड धरते. डबे कोरडे ठणठणीत हवेत. तूरडाळीला एरंडेलाचा हात, गव्हात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. पावसाळ्यात पीठ थोडं-थोडं दळून आणायचं. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३, हे आपल्या आज्यांनी पाळलं ते हवेतला ओलावा ओळखून. पाणी गाळायचं ते दुहेरी कापडाने, आणि गाळलेलं पाणी ४८ मिनिटांपर्यंतच. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे जीवदया आहे आणि शहाणपणही.

आणि हेही बोललं पाहिजे, की आजीचं म्हणून सगळंच सोनं नसतं. वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत कितीतरी घरांत होती, काही घरांत धान्यात पाऱ्याच्या गोळ्याही ठेवत. बोरिक पावडर हे किड्यांसाठी विषच. तांदूळ नीट धुतला गेला नाही तर ते आपल्या पोटात जातं. पाऱ्याचं तर नावही नको. आजीचं कोणतं घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे निवडणं म्हणजेच टिपा लिहिण्याचं कसब.

एका पोर्टलसाठी मी पावसाळ्यातल्या टिपा लिहिल्या होत्या. झुरळांबद्दल लिहिलं होतं ते असं: रात्री सिंक कोरडं ठेवा, खरकटी भांडी तशीच ठेवून झोपू नका, ओट्यामागच्या फटी बुजवा, मोरीच्या जाळीवर झाकण ठेवा, पुठ्ठ्याचे खोके घरात साठवू नका. छापून आलं तेव्हा त्याखाली, माझ्याच नावाने, पिठात विषारी पावडर मळून गोळ्या करायची कृती जोडलेली होती. मी फोन केला. उत्तर मिळालं, "ताई, वाचकांना रिझल्ट हवा असतो. आणि आम्ही काही तुम्हाला जबरदस्ती केली नव्हती." मग मी लेखी पत्र पाठवलं आणि त्यात भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाचा उल्लेख केला. लेखनाचे हक्क विकले असले तरीसुद्धा, आपल्या लेखनाची मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लावला जात असेल तर आक्षेप घ्यायचा लेखकाचा हक्क या कलमाने राखून ठेवला आहे. चार दिवसांत माझं नाव निघालं. पावडरीच्या गोळ्या मात्र तशाच राहिल्या.

हे सांगायचं कारण पैसे आणि तत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या लेखिकेचा दर ठरलेला असतो, अटी लेखी असतात आणि जी एकाच ठिकाणावर अवलंबून नसते, तिलाच "हे मी लिहिणार नाही" असं म्हणता येतं. नाव छापून येण्याच्या उपकाराखाली असलेल्या बाईला नकार कसा सुचणार?

चार म्हणणी, चार उत्तरं

पहिलं म्हणणं सगळ्यात गोड आहे. "अहो, हे ज्ञानदान आहे. त्याचे पैसे कसले घ्यायचे?" आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दानं आपल्याला लहानपणापासून शिकवली आहेत. पण दान देणारा ठरवतो, घेणारा नाही. समोरच्याने न विचारता आपलं घेतलं आणि मग त्याला दान म्हटलं, तर आपल्या भाषेत त्याला दुसरा शब्द आहे: अदत्तादान. शिवाय दानात पात्र बघायचं असतं. तुमच्या टिपांच्या शेजारी तेलाच्या कंपनीची जाहिरात असते. त्या जाहिरातीचे पैसे मालकाने घेतलेले असतात, छापखान्याला दिलेले असतात, कागदवाल्याला दिलेले असतात, पेपर टाकणाऱ्या मुलालाही दिलेले असतात. या साखळीत एकट्या टिपा लिहिणाऱ्या बाईनेच दानशूर का व्हायचं? पाठशाळेच्या मुलांसाठी, मंदिराच्या स्मरणिकेसाठी, नव्या सुनांच्या शिबिरासाठी मी एक पैसा घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. मात्र ते "मी दिलं" असं असावं, "माझ्याकडून गेलं" असं नसावं.

दुसरं म्हणणं: "आम्हाला काय गरज? यांचं दुकान आहे, शेती आहे. मी आपली हौस म्हणून लिहिते." ताई, तुमची हौस मला मान्य आहे. पण तुमच्या शेजारच्या दुकानदाराने रोज सकाळी साखर फुकट वाटायला सुरुवात केली तर यांच्या दुकानाचं काय होईल ते घरी विचारून बघा. त्याला कुणी दानशूर म्हणणार नाही, धंदा मोडणारा म्हणेल. तुम्ही हौसेने फुकट दिलेल्या बारा टिपांमुळे ज्या बाईचे चारशे-पाचशे रुपये बुडतात तिला तुम्ही कधी बघितलेलं नसतं. ती नवऱ्यामागे दोन मुलं शिकवणारी असते, सासूबाईंच्या आजारपणामुळे नोकरी सोडून घरी बसलेली असते, लग्नाआधी शिक्षिका असलेली आणि आता दुपारच्या दोन तासांत काहीतरी स्वतःचं कमावू बघणारी असते. ती दर मागते तेव्हा संपादक तिला सांगतो, "आमच्याकडे बाकीच्या ताई तर आनंदाने देतात." त्या बाकीच्या ताई म्हणजे आपण. म्हणून म्हटलं, ज्यांना गरज नाही त्यांनी आधी मागावेत. नको असतील तर ते पैसे घेऊन एखाद्या मुलीची फी भरा. ते खरं दान.

आणि आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना तर मला विशेष सांगायचं आहे. उसाला दर मिळावा म्हणून आपली माणसं रस्त्यावर बसलेली आपण बघितली आहेत, त्यांच्यासाठी भाकरी बांधून दिल्या आहेत. त्याच घरातल्या बाईने लेखाला दर मागताना का लाजावं? ऊस घामाचा असतो, मग टीप काय वाऱ्यावर उगवते?

तिसरं म्हणणं: "टिपा तर सगळ्यांच्याच. त्या काय तुम्ही शोधल्यात?" खरं आहे. लिंबाने पितळ उजळतं ही गोष्ट कुणाच्या मालकीची नाही आणि असूही नये. कायदाही कल्पनेवर हक्क देत नाही, मांडणीवर देतो. मी निवडलेले शब्द, घातलेला क्रम, दिलेलं कारण आणि सांगितलेला अपवाद हे माझं. आमटी आणि भाजीही सगळ्यांचीच होती. तरी कमलाबाई ओगले यांनी त्याच घरोघरच्या पदार्थांना वाटी-चमच्याचं नेमकं माप दिलं आणि १९७० साली 'रुचिरा' आलं. मराठी घरांत लग्नात द्यायचं पुस्तक झालं ते. बायकांच्या घरगुती लेखनाला छापील मान देणारं 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं तेही आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून. या मातीत हे काम कमी प्रतीचं कधीच नव्हतं; आपण त्याला कमी प्रतीचं मानायला शिकलो.

याच म्हणण्याची नवी आवृत्ती म्हणजे, "आता एआयला विचारलं की दोन मिनिटांत पन्नास टिपा मिळतात." मिळतात खऱ्या. पण त्याने तांदळाला कधी ऊन दाखवलेलं नाही. ते इकडचंतिकडचं वाचूनच सांगतं आणि इकडेतिकडे काय पसरलंय ते आत्ताच बघितलं. उष्ट्या टिपांचा ढीग जितका वाढेल तितकं करून बघितलेल्या टिपेचं मोल वाढायला हवं. ते वाढवायचं असेल तर आपण आपली किंमत शून्य लावून चालणार नाही.

चौथं म्हणणं सगळ्यात प्रामाणिक आहे. "पैसे मागितले तर पुन्हा बोलावणार नाहीत." हो, काहीजण बोलावत नाहीत. मला आलेले फोन दर सांगितल्यावर बंद झालेले आहेत. मात्र जे टिकले ते वेळेवर पैसे देणारे टिकले. जो फुकट मिळेल तिथूनच घेतो तो आपल्याला कधीच पैसे देणार नव्हता. तो गेला म्हणजे गिऱ्हाईक गेलं नाही, फुकट्या गेला.

या कामातला चढ-उतार

स्वतंत्र लेखनात बारा महिने सारखे नसतात, हे नव्याने येणाऱ्या मुलींना कुणी सांगत नाही. दिवाळी अंकांची धावपळ आषाढ-श्रावणात सुरू होते. म्हणजे भाद्रपदात आपलं दशलक्षण पर्व असतं, घरात एकाशन-उपवास असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत "ताई, उद्यापर्यंत लेख हवा" असे फोन येतात. अंक दिवाळीत निघतो आणि पैसे आले तर होळीपर्यंत येतात. पापड-कुरडया-सांडग्यांवर लिहायचं तर ते फेब्रुवारीत द्यावं लागतं, पावसाळ्याच्या टिपा मेमध्ये. मुलांच्या परीक्षा, घरातलं लग्न, कुणाचं आजारपण यात एखादा महिना पूर्ण कोरडा जातो. एका महिन्यात तीन ठिकाणचे पैसे येतात, पुढच्या दोन महिन्यांत काहीच नाही. आलेला लेख कधी साभार परत येतो, कधी तोही येत नाही.

यावर उपाय आपल्याला स्वयंपाकघरानेच शिकवला आहे. वर्षाचं धान्य आपण एकदम भरतो पण रोज मापानेच काढतो. लेखनाच्या पैशांसाठी वेगळं खातं ठेवा आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच घ्या. भरल्या महिन्यात हात सैल सोडायचा नाही, म्हणजे कोरड्या महिन्यात कुणाच्याही पायाशी जावं लागत नाही. रडत-खडत मिळेल त्या अटीवर लिहायची वेळ येते ती बहुधा कोरड्या महिन्यातच.

दुसरं, टिपांचा दर शब्दावर लावू देऊ नका. ४० शब्दांची एक टीप, दहा टिपांचे ४०० शब्द, शब्दाला एक रुपया धरला तरी ४०० रुपये. आणि त्या दहा टिपा करून बघायला गेलेले चार दिवस? लांबण लावणं सोपं, चार ओळींत नेमकं सांगणं अवघड. म्हणून दर टिपेमागे ठरवा.

तिसरं, "मानधन" हा शब्द कानाला गोड असला तरी सांभाळून. त्यातला मान लगेच देतात, धन राहून जातं. तुम्ही आपलं "बिल" म्हणा. क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन आणि रक्कम लिहून बिल पाठवा.

कागदावर काय हवं

मोठा करारनामा नको. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाच गोष्टी लिहून घ्या: किती टिपा, किती दर, पैसे कधी, माझ्या मजकुरात बदल करायचा तर मला विचारून, आणि हे लेखन कुठे आणि किती वेळा वापरणार. समोरचा तोंडी "हो हो" म्हणाला तर आपणच "ठरल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून मेसेज टाकायचा.

कायदा आपल्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे, आपणच त्याच्याकडे पाठ करून असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखिकेच्या लेखनाची पहिली मालकीण तीच असते. लेख मागवला म्हणून तो मागवणाऱ्याचा होत नाही. हक्क द्यायचेच तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा "सर्व हक्क कायमचे" असं कुठे बारीक अक्षरांत दिसलं तर सही करण्याआधी थांबा. तो हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. नातवंडांपर्यंत जाणारी गोष्ट आहे ती.

पैसे देताना १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका. पॅन आधीच द्या, नाहीतर २० टक्के कापतात. कापलेली रक्कम आयकर खात्याकडे तुमच्या नावावर जमा दिसते का ते बघा आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मागा. नियमित लिहीत असाल तर उद्यम नोंदणी करून ठेवा; ती ऑनलाइन होते आणि सरकार तिचं शुल्क घेत नाही. सूक्ष्म उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. दिवाळीचे पैसे होळीला देणाऱ्यांना ही एक ओळ बिलाखाली लिहून पाठवली तरी बराच फरक पडतो.

हात आपलेही स्वच्छ हवेत

पैसे मागायचे तर माल चोख द्यावा लागतो. जी टीप करून बघितली नाही ती लिहायची नाही. दुसऱ्या बाईची मांडणी उचलून आपल्या नावाने द्यायची नाही. अचौर्य संपादकाला शिकवायचं आणि आपण व्हॉट्सॲपवरून टिपा ढापायच्या, हे चालणार नाही. एक वही ठेवा. तारीख, काय केलं, किती प्रमाणात, कोणत्या कापडावर, कोणत्या भांड्यावर, काय झालं. फसलेलंही लिहा, कारण "हे करू नका" ही टीपही विकत घेण्याजोगी असते. दोन पावसाळे अशी वही लिहिलीत तर कुणी "तोंडपाठच असतील" म्हणाल्यावर त्याच्यासमोर ती उघडून ठेवता येईल.

महिला मंडळांना माझी एक विनंती आहे. हळदीकुंकू, पाककला स्पर्धा सगळं चालू द्या. वर्षातून एक दुपार मात्र लिहिणाऱ्या बायकांसाठी ठेवा. कुणी किती दर दिला, कुणी पैसे बुडवले, कुणी वेळेवर दिले, हे एकमेकींना सांगा. दुकानदारांना बाजारभाव माहीत असतो म्हणून त्यांना कुणी फसवत नाही. आपल्याला आपला भाव माहीत नाही, कारण पैशांबद्दल बोलणं आपल्याला हलकं वाटतं. धान्य निवडताना आपण खडा लाजून ताटात ठेवत नाही. हाही खडाच आहे, वेचून बाहेर टाका.

तुमचा दर, तुमचे अनुभव आणि तुमचं भांडणही मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.